दुसऱ्या भागात स्टीअरिंग कुणाच्या हातात? (विजोड जोडीचे ॲक्शन सिक्वेल)

काजूबोंडू (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११:१०

काल रात्री पावसाने झोडपून काढलं. वीज तीनदा गेली. तेवढ्यातही मी आणि आमचे साडू, अशा दोघांनी मिळून 'रश अवर २' संपवला. बायका आतल्या खोलीत चतुर्थीच्या माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळापानांची) यादी करत होत्या आणि आम्हाला कुणी बोलावत नव्हतं, हे महत्त्वाचं.

साडू म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, पणजीचे, शिस्तीचे. गाडी चाळीसच्या वर नेत नाहीत, हॉर्न वाजवायच्या आधी विचार करतात. मी म्हापशाकडचा. निघायची वेळ झाली की किल्ली शोधायला लागतो. आम्ही दोघं एकत्र आलो कारण आमच्या बायका सख्ख्या बहिणी. साडू निवडून घेता येत नाही. सिनेमातल्या पोलिसालाही पार्टनर निवडता येत नाही, साहेब फाईल आपटून सांगतो, 'उद्यापासून हा तुझ्याबरोबर.'

तर प्रश्न असा. विजोड जोडीच्या पहिल्या सिनेमाचा सगळा जीव कशात असतो? दोघांचं पटत नाही यात. शेवटी पटतं. तिथे गोष्ट खरं तर संपली. मग दुसऱ्या भागात उरलं काय? आणि उरलं नसेल तर रिमोट हातात आला की मी पहिला सोडून दुसराच का लावतो? पहिला मी दोनदा पाहिला असेन. दुसरा सात-आठ वेळा.

साडूंचं उत्तर: "पहिल्यात ते दोघं एकमेकांना ओळखत नसतात आणि आपण त्यांना ओळखत नसतो. दुसऱ्यात तिघंही ओळखीचे." बरं आहे, पण माझं पोट भरलं नाही. तुम्ही सांगा.

सोलकढी · शनिवार, रात्री ११:३२

साडूंना सदस्य करून घ्या, आयडी मी सुचवते: 'चाळीसच्या आत'.

माझं उत्तर सोपं आहे. मी शेवटच्या श्रेयनामावलीसाठी पाहते. जॅकी चॅनच्या सिनेमात नावं वर सरकताना चुकलेले शॉट दाखवतात ना, ते. संवाद विसरलेला क्रिस टकर आणि हसू न आवरणारा चॅन. तिथे कळतं की या दोघांचं खरंच जमतंय. बाकी सिनेमा त्याची प्रस्तावना.

दोन नंबर जेटी · शनिवार, रात्री ११:४०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

स्टंटबाई · रविवार, सकाळी ७:०५

काजूबोंडू, 'उरलं काय' हा प्रश्न बरोबर आहे, पण तुम्ही उत्तर पाहून उठलात आणि ते उत्तर आहे हे लक्षात आलं नाही. सकाळी पोदेर (पाववाला) यायच्या आधी लिहिते आहे, चुका पोटात घाला.

पहिला 'रश अवर' १९९८चा. त्यात हाँगकाँगचा इन्स्पेक्टर ली (जॅकी चॅन) लॉस एंजेलिसला येतो. परका तो. तिथला पोलिस कार्टर (क्रिस टकर), त्याच्या गावात, कार्टरच्या गाडीत, कार्टरच्या भाषेत. आपल्याला इंग्रजी येत नाही असं कार्टरला बराच वेळ वाटू देतो, कारण परक्याकडे तेवढंच एक हत्यार असतं: गप्प बसणं. आता २००१चा दुसरा पाहा. कार्टर सुट्टी घालवायला हाँगकाँगला जातो आणि परका होतो. मोडकीतोडकी कँटनीज बोलायला जातो आणि भलतंच बोलून बसतो. मारामारीत गडबडून लीलाच ठोसा लगावतो. पहिल्यात ज्याची जीभ चालत होती त्याची इथे चालत नाही.

म्हणजे दोघं तेच, पण परकेपण एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. मैत्री झालेली आहे, आणि तरीही एकाला दुसऱ्याचं गाव कळत नाही. त्यात नवं भांडण सापडतं, आणि ते पहिल्यापेक्षा गोड असतं, कारण आता ते सोडून जाणार नाहीत याची आपल्याला खात्री असते.

हे न जमलेलं उदाहरण हवं तर 'अनदर फॉर्टीएट अवर्स', १९९०. पहिला १९८२चा. एडी मर्फीचा तो पडद्यावरचा पहिलाच सिनेमा, आणि काय सिनेमा! गोरा दांडगट पोलिस, तुरुंगातून ४८ तासांसाठी सोडवलेला काळा कैदी. दोघांना एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. दुसऱ्या भागात दिग्दर्शक तोच, वॉल्टर हिल, नट तेच, पुन्हा तुरुंग, पुन्हा तेच ४८ तास. जागा कुणीच बदलल्या नाहीत. मारामाऱ्या भरपूर आहेत, पण पाहताना वाटतं, कालची आमटी आज ऊन करून वाढली आहे.

(काही आमट्या दुसऱ्या दिवशीच चांगल्या लागतात हे मला ठाऊक आहे. मासळीची. ही ती नव्हे.)

काजूबोंडू · रविवार, सकाळी ८:२०

दंडवत. पोदेर येऊन गेला का?

स्टंटबाई · रविवार, सकाळी ८:२४

गेला. उंडे (गोल पाव) संपले होते, पोळी (कोंड्याचा पाव) घेतली.

निवृत्त हेडमास्तर · रविवार, सकाळी ९:५०

स्टंटबाईंचा जागाबदलीचा मुद्दा फार मोलाचा आहे. परंतु त्यासाठी हाँगकाँगला जायचे कारण नाही. आपल्या घरात ही गोष्ट आहे. विराटपर्व.

विराट राजाचा मुलगा उत्तर. कौरव गाई पळवतात तेव्हा हा अंतःपुरात बायकांपुढे फुशारक्या मारतो की, सारथी मिळाला तर एकटा जाऊन सर्वांना लोळवतो. सैरंध्री, म्हणजे वेषांतर केलेली द्रौपदी, सुचवते की नृत्य शिकवणारी ती बृहन्नडा, म्हणजे वेषांतर केलेला अर्जुन, सारथ्य जाणते. झाली जोडी! एक बढाईखोर राजपुत्र, एक वेणी घातलेली नृत्यशिक्षिका. रणांगणावर कौरवसेना दिसताच उत्तराला कापरे भरते. रथातून उडी टाकून तो पळत सुटतो, आणि बृहन्नडा वेणी उडवत, लाल वस्त्रे सावरत त्याच्या मागे. कौरवसैनिक हसतात. आजच्या भाषेत हा 'कॉमेडी सीन'.

मग काय होते? अर्जुन त्याला धरून आणतो, शमीच्या झाडावरून शस्त्रे काढायला लावतो आणि म्हणतो, तू घोडे हाक, मी लढतो. सारथी योद्धा झाला, योद्धा सारथी झाला. धाग्याचे शीर्षक पुन्हा वाचा. स्टीअरिंग!

पेडण्याच्या बाजूला दशावतारात हा प्रसंग रंगताना मी लहानपणी पाहिला आहे. उत्तर पळाला की आम्हा पोरांच्या अंगावरून पळत जाई. युद्ध कोण जिंकले हे आठवत नाही. पळणारा उत्तर आठवतो.

सुशेगाद · रविवार, सकाळी १०:१५

मास्तर, मग उत्तराचा सिक्वेल?

निवृत्त हेडमास्तर · रविवार, सकाळी १०:३१

आहे. भारतीय युद्धाच्या पहिल्याच दिवशी शल्याच्या हातून मारला जातो. तिथे त्याच्याबरोबर अर्जुन नव्हता.

दोन नंबर जेटी · रविवार, सकाळी ११:०८

मास्तर, तुमच्या या दोन ओळींनी पॉपकॉर्न खाली ठेवायला लावलं. कारण मला जे लिहायचं होतं ते नेमकं हेच आहे, आणि ते आपल्या गोव्यात घडतं.

'द बोर्न सुप्रीमसी', २००४. सगळ्यांना ठाऊक आहे की त्याची सुरुवात गोव्यात आहे, पण तो या धाग्यात बसतो हे कुणी म्हटलं नाही. आधी पहिला भाग आठवा, २००२चा. स्मृती गेलेला मारेकरी बोर्न आणि मारी, जिच्याकडे पैसे नाहीत, व्हिसाचा घोळ आहे आणि एक जुनी मिनी आहे. तो तिला दहा हजार डॉलर देऊ करतो आणि म्हणतो, मला पॅरिसला सोड. थोडक्यात, भाडं. आपल्याकडच्या भाषेत ती त्याची पायलट, मोटरसायकल टॅक्सीवाली! पिवळं मडगार्ड तेवढं नाही. याहून विजोड जोडी कुठली? तो प्रत्येक खोलीत शिरल्यावर दारं मोजतो, ती प्रत्येक खोलीत पसारा करते.

आता दुसरा. दोघं गोव्यात लपून राहतात. तो पाळोळ्याच्या किनाऱ्यावर पळतो, रात्री दचकून उठतो, वहीत आठवणी टिपतो. एक रशियन मारेकरी चंदेरी गाडीतून येतो. बोर्न त्याचे कपडे, गाडी, चाल पाहूनच ओळखतो, हा इथला नव्हे. जीप काढतात, पाठलाग होतो. आणि वाटेत बोर्न मारीला म्हणतो, तू चालव. दोघं जागा बदलतात. मारेकऱ्याने चालकाच्या जागी बोर्नला पाहिलेलं असतं. तो चालकावर नेम धरतो.

गोळी मारीला लागते. जीप पुलावरून नदीत. पाण्याखाली तो तिला श्वास द्यायचा प्रयत्न करतो, मग सोडून देतो. सिनेमा सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झालेली असतात.

तुम्ही म्हणता सिक्वेलला जागाबदल लागते. इथे जागाबदलच जोडी संपवते. पुढचा अख्खा सिनेमा म्हणजे एक रिकामी सीट. बर्लिन, मॉस्को, सगळीकडे तो एकटा गाडी चालवतो आणि बाजूला कुणी नाही. मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होतो, सगळे मित्र आपलं गाव पडद्यावर दिसलं म्हणून शिट्ट्या मारत होते. पूल आला आणि सगळे गप्प झाले.

सुशेगाद · रविवार, सकाळी ११:२०

सगळं खरं. पण पाळोळ्याहून निघाले आणि क्षणात पणजीच्या गल्लीत? ते अंतर ७० किलोमीटरच्या आसपास आहे रे! काणकोणहून पणजी म्हणजे करमलचा घाट, मडगाव, झुआरी पूल. आणि २००४ साली झुआरीचा जुना पूल होता. तिथे रशियन मारेकरीसुद्धा ट्रकमागे अडकला असता. बोर्न चहा पिऊन, भजी खाऊन निघाला असता तरी चाललं असतं.

सोलकढी · रविवार, सकाळी ११:२६

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मारेकरी झुआरीवर, बोर्न कुठ्ठाळीत ऑम्लेट पाव खातोय.

दोन नंबर जेटी · रविवार, सकाळी ११:३०

तुम्हा लोकांपुढे भावुक होणं म्हणजे चूकच.

सुशेगाद · रविवार, सकाळी ११:३३

कितें रे, रागावलास? तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. रिकाम्या सीटचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. घाट लक्षात आला, सीट नाही.

फोंड्याची मावशी · रविवार, दुपारी २:४०

जेवणं झाली, भांडी झाली, आता बोलते.

तुमचं सगळं छान आहे. पण सकाळपासून वाचते आहे: ली आणि कार्टर, पोलिस आणि कैदी, अर्जुन आणि उत्तर. सगळे बाप्ये. एक बाई आली धाग्यात, ती पंधराव्या मिनिटाला मेली. दुसरी सैरंध्री, तिने शहाणपणाचा सल्ला दिला आणि घरी राहिली. मेल गिब्सनच्या त्या 'लीथल वेपन' मालिकेत म्हाताऱ्या पोलिसाची बायको आहे, तिचं काम काय? जेवण करायचं, ते वाईट करायचं, आणि बाप्यांनी त्यावर विनोद करायचे.

'द हीट' म्हणून एक आहे, २०१३चा. सँड्रा बुलक आणि मेलिसा मॅकार्थी. एक इस्त्रीची घडी, दुसरी चुरगाळलेली. मुलीने लावून दिला, मी पोट धरून हसले. चांगला चाललाही होता. त्याचा दुसरा भाग आला का? नाही. बाप्यांचे चार-चार भाग निघतात, म्हातारे होईपर्यंत धावतात.

तुमच्या विजोड जोड्यांना घरातली खरी विजोड जोडी ठाऊक नाही. सासू आणि सून. एक स्वयंपाकघर, दोन विळ्या. आणि दरवर्षी सिक्वेल.

स्टंटबाई · रविवार, दुपारी ३:०२

मावशी, मान्य. पूर्ण मान्य. आणि हे मी सकाळी लिहायला हवं होतं, नाव बघा माझं.

एक मात्र मांडते. 'टर्मिनेटर २', १९९१. पहिल्यात, १९८४मध्ये, सेरा कॉनर पळत असते आणि यंत्रमानव तिला मारायला आलेला असतो. दुसऱ्यात तोच चेहरा तिच्या पोराला वाचवायला येतो. हा मला माहीत असलेला सगळ्यांत मोठा जागाबदल. पण जोडी म्हणून पाहिलं तर दोन आहेत. पोरगा आणि यंत्र, ही गमतीची: पोरगा हुकूम सोडतो, माणसं मारायची नाहीत म्हणून बजावतो, बोलायला शिकवतो. दुसरी, सेरा आणि यंत्र. तिने त्याच चेहऱ्याची वर्षानुवर्षं स्वप्नं पाहून घाम फोडलेला आहे, आणि आता त्याच्याच शेजारी बसून प्रवास करायचा. ही जोडी हसत नाही. मला तीच जास्त आवडते.

फोंड्याची मावशी · रविवार, दुपारी ३:१०

हा बघते. यंत्र भांडी घासतं का?

रेतीवाला · रविवार, संध्या. ५:१५

मराठी माणसं हिंदी विसरली काय? 'धूम'! २००४. शेवटची चोरी गोव्यात, कॅसिनोत, नव्या वर्षाच्या रात्री. एसीपी जय आणि मेकॅनिक अली, पोलिस आणि टपोरी. तुमच्या व्याख्येत शंभर टक्के बसतं. दुसरा भाग २००६.

सोलकढी · रविवार, संध्या. ५:२२

बसतं, पण दुसऱ्या भागाचं नाव काढल्यावर जय-अली आठवतात की हृतिक रोशन? प्रामाणिकपणे सांगा.

रेतीवाला · रविवार, संध्या. ५:२५

हृतिक.

सोलकढी · रविवार, संध्या. ५:२६

पहिल्यात अली गॅरेजातून उचलून आणलेला, त्याला पोलिसगिरीत ओढलेला. म्हणून मजा. दुसऱ्यात तो पोलिसच झालेला आहे. विजोडपणा संपला, नवा दिला नाही, सगळी मेहनत चोरावर केली. मग जोडी कायमची मागच्या सीटवर.

पावशेर · रविवार, संध्या. ५:४०

'दृश्यम २' राहिला. गोव्यातलाच आहे. २ ऑक्टोबर, पणजी, सत्संग.

संपादक · रविवार, संध्या. ५:४४

अवांतर. तो थरारपट आहे, पण त्यात जोडी नाही, ॲक्शन नाही. २ ऑक्टोबरचे विनोद कृपया वेगळ्या धाग्यात. तिथे आधीच दोनशे आहेत.

पावशेर · रविवार, संध्या. ५:४५

पावभाजी खाल्ली होती का तेवढं सांगा, मग जातो.

संपादक · रविवार, संध्या. ५:४६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे) करीन.

निरुद्योगी इंजिनीयर · रविवार, रात्री ८:०५

माझा लाडका राहिलाच. 'डाय हार्ड'चा तिसरा भाग, १९९५. पहिल्या दोन भागांत ब्रूस विलिस जवळजवळ एकटा असतो: एक इमारत, एक विमानतळ. तिसऱ्यात त्याला अख्खं न्यूयॉर्क दिलं आणि गळ्यात सॅम्युएल जॅक्सन बांधला. हार्लेममधला दुकानदार, गोऱ्या पोलिसावर काडीचा विश्वास नाही, केवळ त्याचा जीव वाचवला म्हणून अडकला. ही पटकथा मुळात 'डाय हार्ड'ची नव्हतीच. जोनाथन हेन्सलीची वेगळीच लिहिलेली होती, नंतर मालिकेत बसवली. मला वाटतं म्हणूनच दुकानदार 'हिरोचा मदतनीस' वाटत नाही. त्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

आणि कारंज्यापाशी ते पाण्याचं कोडं! ५ गॅलनचा एक कॅन, ३ गॅलनचा एक. बाँब थांबवायचा तर नेमकं ४ गॅलन पाणी काट्यावर ठेवायचं. वेळ थोडा. दोघं एकमेकांवर खेकसतात, आणि खेकसता खेकसता उत्तर निघतं.

माझ्या पुतण्याने ते खरं होतं का बघायचं म्हणून घरी केलं. खोबरेल तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन आणि ३ लिटरचा टोप. कॅन भरायचा, त्यातून टोप भरायचा, कॅनमध्ये उरले २. टोप ओतून टाकायचा, ते २ टोपात घालायचे. कॅन पुन्हा भरायचा. टोपात आता १ लिटरचीच जागा आहे, ती भरली की कॅनमध्ये ४. झालं. मागे आमची आई उभी होती, ती म्हणाली, टाकीत पाणी नाही आणि हा बाँब फोडतोय.

मुद्दा असा की कोडं एकट्यानेही सुटलं असतं. पण एकटा माणूस मोठ्याने विचार करत नाही. जोडी असली की विचार ऐकू येतो. विजोड असली तर भांडण म्हणून ऐकू येतो. मला तरी या सिनेमांचं आकर्षण एवढंच वाटतं. गोळीबार सगळ्याच सिनेमांत असतो.

स्टंटबाई · रविवार, रात्री ८:३०

'भांडण म्हणून ऐकू येतो' हे माझ्याकडून फ्रेम करून घ्या.

आता मावशींच्या रोषाला पात्र होऊन गिब्सन-ग्लोवरवर येते, कारण 'लीथल वेपन २' (१९८९) सोडून हा धागा बंद होऊ शकत नाही. पहिल्यात (१९८७) रिग्ज (गिब्सन) हा बायको गेल्यावर जगायचंच नाही असा पोलिस आणि त्याचा पार्टनर मर्टॉ (डॅनी ग्लोवर) हा पन्नाशीला आलेला, बायकामुलांचा, सांभाळून राहणारा. दुसऱ्यात रिग्ज त्या घरातलाच झालाय, कपडे धुवायलाही तिथेच आणतो. मग भांडण कुठून आणायचं? दोन गोष्टी केल्या. एक, तिसरा माणूस आणला, जो पेशी या नटाने केलेला बडबड्या लिओ. दोघांना वैताग देणारा तिसरा आला की दोघं आपोआप एका बाजूला येतात. ज्यांच्याकडे सुट्टीला भाचरं येतात त्यांना हे सांगायला नको.

दुसरं म्हणजे तो संडासचा प्रसंग. मर्टॉ आपल्याच घरात कमोडवर बसलाय, खाली बाँब, उठला की फुटणार. म्हणजे सांभाळून राहणारा माणूस जागच्या जागी अडकला. मरायला निघालेल्या रिग्जला मात्र निघून जायची मुभा आहे आणि तो जात नाही. शेवटी दोघं मिळून बाजूच्या टबात उडी मारतात. हसावं की रडावं कळत नाही.

आणि ऐका: शेन ब्लॅक, ज्याने पहिला लिहिला, त्याच्या दुसऱ्या भागाच्या मसुद्यात रिग्ज मरत होता. स्टुडिओला ते नको होतं, तो बाहेर पडला, पटकथा दुसऱ्याने लिहिली. तो मेला असता तर १९९२ आणि १९९८चे भाग झाले नसते. ते झाले नसते तरी चाललं असतं हा वेगळा मुद्दा. पण मी तरी त्याला मरू दिलं नसतं. जेटीभाऊ, तुमच्या मारीसाठीही मी भांडले असते.

दोन नंबर जेटी · रविवार, रात्री ८:५२

मी नसतो भांडलो. ती गेली म्हणून तो सिनेमा लक्षात राहिला. रिग्ज मेला असता तर कदाचित तोही राहिला असता. आपल्याला जोडी टिकावी असं वाटतं, ते आपल्यासाठी. सिनेमासाठी नाही.

स्टंटबाई · रविवार, रात्री ८:५५

यावर आपलं पटणार नाही.

दोन नंबर जेटी · रविवार, रात्री ८:५६

मग दुसरा भाग काढू.

सुशेगाद · रविवार, रात्री ९:३०

आता गोव्याचा सिक्वेल कुणीतरी लिहा. मी जोडी देतो. भाटकार (जमीनदार) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर राहणारा)? तियात्रवाल्यांनी (कोंकणी नाटकवाल्यांनी) ती झिजवून टाकली. माझी सूचना: एक मराठीवादी पोलिस, एक कोंकणीवादी पोलिस, एक जीप. गुन्हेगार समोरून पळतो आणि हे दोघं एफआयआर कुठल्या भाषेत लिहायचा यावर भांडतात. १९८७चा राजभाषा कायदा डॅशबोर्डवर ठेवलेला.

रेतीवाला · रविवार, रात्री ९:३४

आणि गुन्हेगार इंग्रजीत हसतो.

सोलकढी · रविवार, रात्री ९:३६

याचे दहा भाग निघतील. शेवटचा कोर्टात.

निरुद्योगी इंजिनीयर · रविवार, रात्री ९:४१

माझी सूचना जेटीच्या 'भाडं' या शब्दावरून. पायलट आणि गिऱ्हाईक. पणजी बसस्टँडवर गिऱ्हाईक उतरतं, कोट घातलेलं, घाईत. पायलट म्हणतो, बसा. पहिल्या भागात गिऱ्हाईक मागे, जीव मुठीत धरून. दुसऱ्या भागात पायलटचा हात प्लास्टरमध्ये, कोटवाला चालवतो आणि पायलट मागे बसून प्रत्येक वळणावर सूचना देतो. पाठलाग दिवाडीच्या फेरीबोटीवर येऊन थांबतो. दोन्ही गाड्या एकाच फेरीत. इंजिनं बंद. मारेकरी आणि आपले दोघं, शेजारी शेजारी उभे, फेरी पलीकडे लागेपर्यंत कुणालाच काही करता येत नाही.

निवृत्त हेडमास्तर · रविवार, रात्री ९:५८

फेरीतील तो प्रसंग तुम्ही खरोखर लिहावा. भांडणाला नदीएवढी विश्रांती. फुशारकी कोण मारेल तेवढे ठरवा.

फोंड्याची मावशी · रविवार, रात्री १०:०५

पायलट बाई करा. मग मी तिकीट काढीन.

निरुद्योगी इंजिनीयर · रविवार, रात्री १०:०७

केली.

काजूबोंडू (धागाकर्ता) · सोमवार, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. कालचा अख्खा धागा मी साडूंना वाचून दाखवला. मास्तरांचं उत्तर-बृहन्नडा ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, "आपल्यात उत्तर कोण?" मी उत्तर दिलं नाही. (शब्दश्लेष बुद्ध्याच.)

मग ठरलं की जेटीने लिहिलेला तो पूल आणि किनारा बघायच्या निमित्ताने पुढच्या रविवारी दक्षिणेकडे एक फेरी मारायची. आणि साडू म्हणाले, मी चालवत नाही, तुम्ही चालवा. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, गाडी तुमची. म्हणाले, "म्हणूनच. मला बाजूला बसून कसं वाटतं ते बघायचंय." किल्ली टेबलावर ठेवली. ती मी सकाळपासून शोधतो आहे.

सोलकढी · सोमवार, दुपारी १:२०

😂 करमलच्या घाटात त्यांचा आवाज रेकॉर्ड करा.

पावशेर · सोमवार, दुपारी १:४८

अवांतर नाही, खरंच विचारतो: रविवारी पाळोळ्याला पार्किंग मिळतं का हल्ली? आम्हालाही जायचंय.

काजूबोंडू (धागाकर्ता) · सोमवार, दुपारी २:०२

साडू म्हणतात, सकाळी नऊच्या आत पोचलात तर. किल्ली सापडली, फ्रिजवर होती.